अंधुक तारे

"दोन्ही मावणार नाहीत, ताई. एक काहीतरी काढून टाका," एवढं बोलून साहेब आत गेले. काय काढायचं ते त्यांनी सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती.

जुने संगणक दुरुस्त करून शाळांना द्यायचे, हे त्या वर्कशॉपचं काम. सगळ्यांच्या डिस्क लहान. आधी एक मूळ डिस्क तयार व्हायची आणि तिच्यावरून बाकीच्या उतरवल्या जायच्या. मूळ डिस्कवर काय असेल ते ताई ठरवत. पहिल्या संगणकापासून तिच्यावर आकाशदर्शनाचा प्रोग्रॅम होता. त्यातलं ताऱ्यांचं एकेक नाव ताईंनी सुट्टीच्या दिवशी घरी बसून मराठीत घातलं होतं.

आता शाळांना चित्रकलेचा प्रोग्रॅम हवा होता. तो सुचवला होता चिमणीने. चिमणी म्हणजे नवी मुलगी. तोंड सतत चालू, म्हणून हे नाव. शाळांमधून फोन आला की मास्तर हल्ली तिलाच मागत. ताई फोन तिच्या हातात देत आणि उगाचच टेबलाखाली स्क्रू शोधत.

"नवी सून आली की जुनी भांडी माळ्यावर," पॅकिंगवाले काका खोक्याला टेप लावता लावता म्हणाले होते. सगळे हसले. ताईही हसल्या, आणि मग दुपारचा डबा त्यांना गोड लागला नाही.

त्यांनी चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये खोट शोधून पाहिली. उघडायला वेळ लागतो म्हणावं, तर लागत नव्हता. मग सगळ्यात मरतुकड्या यंत्रावर तो लावला. तिथेही सुरळीत चालला. मासा रंगवता रंगवता आपण रमलो आहोत हे लक्षात आलं, तेव्हा त्यांना जास्तच राग आला.

चिमणी खुर्ची ओढून शेजारी बसली.

"ताई, तुमचं आकाश राहू दे. मी बघितलं, जागा खातात ते अंधुक तारे. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. तेवढे काढले की दोन्ही बसतात. देऊ करून?"

ताईंनी मनात हिशोब केला. बरोबर होता. इतक्या वर्षांत तो त्यांना सुचला नव्हता. पोरगी उद्धट असती तर बरं झालं असतं. ही तर उपकार करायला आली होती.

"अंधुक काढले तर उरलं काय? बाकीचे पोरांना गच्चीवरूनही दिसतात."

"पण तुम्ही घातलेली नावं तरी राहतील."

"नको."

त्यांनी माउसने आकाशदर्शन निवडलं आणि काढायची आज्ञा दिली. खरंच काढायचं का, असं यंत्राने विचारलं. ताईंनी हो म्हटलं. चिमणी पाहत होती.

मग ताईंनी चित्रकला नीट बसवली. पडद्यावर पहिल्याच रांगेत ठेवली, म्हणजे लहान मुलांना शोधावी लागणार नाही. सगळं दोनदा तपासलं. बरीच जागा उरली होती.

"आता इथे काय घालायचं, ताई?"

"तू ठरव," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या यंत्राचं झाकण उघडून आतली धूळ ब्रशने झाडू लागल्या.