गाडी हवालदारांनीच चालवली

मित्रांनो, मी एक जुना लष्करी ट्रक आहे आणि माझ्यासमोर लावलेली पाटी धादांत खोटी आहे. ट्रकला बोलता येत नाही, म्हणून माणसं ट्रकबद्दल काहीही लिहून ठेवतात. आज मी खरं काय ते सांगून टाकणार आहे. त्याने काही फरक पडणार नाही, हे आत्ताच सांगतो, म्हणजे शेवटी तुमचं तोंड उतरायला नको.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला ज्या इंजिनिअरने आखलं तो सहा फुटी होता. त्याने स्वतःच्या पायाला टेप लावला आणि त्या मापाने माझी पेडलं बसवली. सीट पुढेमागे होण्याची सोय केली नाही. सैनिक म्हणजे सहा फुटी बाप्या, त्यात पुढेमागे काय करायचंय? मग मला हिरवा रंग फासला, नंबर घातला आणि पहिली दोन वर्षं देशसेवा म्हणून माझ्यातून बटाटे वाहिले.

मग लढाई लागली. चालक भराभर आघाडीवर गेले आणि तळावर गाड्या उभ्या, जखमी आडवे, अशी अवस्था झाली. वरून हुकूम आला, 'बायका घ्या.' त्याच्याच शेपटीला दुसरा हुकूम आला, 'पण त्यांना सैनिक म्हणू नका, तात्पुरत्या मदतनीस म्हणा.' तर अशा तीस-पस्तीस तात्पुरत्या मदतनीस एका सकाळी हजर झाल्या. त्यांना पुरुषांचेच गणवेश दिले. एकेका विजारीत दोघी मावल्या असत्या. त्यांतली एक टेलिफोनवर बसायची. आजूबाजूला भिंती पडत असताना ती म्हणायची, "हॅलो, जरा मोठ्याने बोला, इथे थोडा आवाज आहे." दुसरी पॅराशूटच्या घड्या घालायची. तिने घडी घातलेलं एकही पॅराशूट कधी अडकलं नाही, म्हणून तिचं नाव कुणाला कळलंच नाही. एखादं अडकलं असतं तर लगेच कळलं असतं.

आणि तिसरी माझ्या वाट्याला आली. ती सीटवर बसली की तिला माझ्या काचेतून फक्त आभाळ दिसायचं. म्हणून ती घरून एक जाडजूड उशी घेऊन आली आणि त्या दिवसापासून सगळा तळ तिला 'उशीबाई' म्हणू लागला. तिच्या वडिलांचा दुधाचा धंदा होता आणि गाडी चालवायला ती तिथेच शिकलेली.

"बाई, ही दुधाची गाडी नाही," आमचे हवालदार मिशीला पीळ देत म्हणाले.

"दिसतंय ना. दुधाची गाडी शहाणी असते. तिचं पेडल माणसाच्या पायाला लागतं."

मग तिने सुताराकडून लाकडाचे तीन ठोकळे करून घेतले आणि माझ्या पेडलांना तारेने आवळून बांधले. पहिल्यांदा गिअर टाकला तेव्हाच मला कळलं, की हा हात जाणत्याचा आहे. हवालदारांचा हात मला माहीत होता ना! त्यांनी एकदा मला मागे घेतलं होतं, तेव्हापासून स्वयंपाकघराला दुसरं दार झालं होतं.

आता खरी गोम ऐका. प्रत्येक लष्करी गाडीचं एक लॉगबुक असतं. रोज गाडी कुठे गेली, किती चालली, कोणी चालवली ते त्यात लिहायचं आणि चालकाच्या रकान्यात सही करायची. सही फक्त सैनिकाची चालते. मदतनीस सैनिक नव्हेत. म्हणून गाडी चालवायची उशीबाईने आणि सही ठोकायची हवालदारांनी. माणूस वाईट नव्हता हो. दर संध्याकाळी ओशाळून म्हणायचे, "उशीबाई, सही माझी, गाडी तुमची. कागदाचं काय एवढं मनावर घेता?"

"मी कुठे घेतेय? करा सही. पण शाई झटका, डाग पडतोय," ती म्हणायची.

कागदाचं मनावर घ्यायला हवं होतं, मित्रांनो.

एका दुपारी शत्रूचे तोफगोळे थेट तळावर पडायला लागले. जखमींना नदीपलीकडच्या इस्पितळात हलवायचं होतं. पुलाचा कठडा उडालेला, एका बाजूच्या निम्म्या फळ्या गायब. नेमके त्याच दिवशी हवालदार न्हाणीघरात साबणावरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. त्यांनाही बाकीच्यांबरोबर माझ्या पाठीवर आडवं घातलं. उशीबाईने मला पुलावर घातलं. माझी डावी चाकं लोखंडी तुळईवर, खाली पाणी. समोरची काच फुटून तिच्या मांडीवर पडली. माझं इंजिन दोनदा गचके खायला लागलं, तेव्हा तिने मला ज्या शिव्या घातल्या त्या लहान मुलांसमोर सांगण्यासारख्या नाहीत. पण मी गुपचूप चालू लागलो, एवढं सांगतो. मागून हवालदार ओरडत होते, "हळू! अहो हळू!" ती ओरडली, "हळूच चाललेय, तुम्ही डोळे मिटा!"

अशा तीन फेऱ्या झाल्या. एक्कावन्न माणसं पलीकडे पोचली, सगळी जिवंत.

संध्याकाळी इस्पितळात कारकून लॉगबुक घेऊन आला. हवालदारांनी खाटेवर पडल्या पडल्या, कण्हत, चालकाच्या रकान्यात सही केली. रोजची सवय. आणि त्याच दिवशी इस्पितळाच्या वहीत नोंद झाली, 'हवालदार. पाय मोडलेला. ट्रकमधून आडवे आणले.'

लढाई संपल्यावर एका चौकशी समितीसमोर हे दोन्ही कागद शेजारी शेजारी आले. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला लगेच कळलं असेल, की आडव्या माणसाला गाडी चालवता येत नाही. समितीतली माणसं तुमच्यापेक्षा फार शिकलेली होती. त्यांनी निष्कर्ष काढला, की हवालदारांनी मोडक्या पायाने गाडी चालवली! लगेच पदक जाहीर झालं.

समारंभात हवालदार कुबड्या टेकत उठले आणि कळवळून म्हणाले, "साहेब, मी मागे झोपलो होतो हो! गाडी बाईंनी चालवली!"

साहेबांचे डोळे भरून आले. "पाहा," ते म्हणाले, "शूर माणूस किती विनयशील असतो!" केवढ्या टाळ्या पडल्या. हवालदारांनी घरी जाऊन चार पानी पत्र लिहिलं, तर ते विनयाचा नमुना म्हणून चौकटीत बसवून भिंतीला लावलं.

बिचारे उशीबाईकडे गेले. "आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

"काही करू नका. फक्त इतक्यात मरू नका. खरं सांगणारे तुम्ही एकटेच आहात."

पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांच्या नावाने चौक झाला.

मदतनीस बायकांकडून गणवेश परत घेऊन त्यांना घरी पाठवलं. 'तात्पुरत्या' हा शब्द तेवढा सरकारने तंतोतंत पाळला. मी एका शेडमध्ये पडून राहिलो. माझ्यात कोंबड्यांनी अंडी घातली. पुढे कधीतरी कुणाला पराक्रमाची आठवण झाली आणि मला संग्रहालयात आणलं. जमीन खचू नये म्हणून माझं इंजिन काढून भंगारात दिलं. लाकडी ठोकळे फेकून दिले, कारण हवालदार उंच होते, त्यांना ठोकळे कशाला? सीटवर प्लॅस्टरचा हवालदार बसवला, पायाला बँडेज, ओठावर झुबकेदार मिशी, आणि समोर 'चालक: हवालदार' अशी पाटी. इथे महिला दालनही आहे बरं का. स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात ते आहे. तिथे एक शिलाई मशीन आहे आणि एक फोटो. फोटोत बायका हसताहेत. का हसताहेत ते लिहिलेलं नाही.

आणि एके दिवशी उशीबाई आली. ऐंशी वर्षांची, काठी टेकत. सोबत तिची नात होती, गणवेशातली, खांद्यावर कॅप्टनचे तारे. नात आता चाळीस ट्रकांचा ताफा घेऊन डोंगर चढते. समारंभात मात्र तिला पदकांचं तबक धरून उभं करतात, कारण ती तबक सरळ धरते. नातीने अर्जांवर अर्ज करून समिती बसवायला लावली होती. आजीला पदक नको होतं. डोळे मिटायच्या आत पाटीवरच्या चालकाच्या जागी स्वतःचं नाव बघायचं होतं. एवढंच.

समितीचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. म्हणाले, "आजी, आमचा तुमच्यावर अविश्वास नाही. पण नियमाप्रमाणे प्रात्यक्षिक लागतं. गाडी सुरू करून दाखवा."

संग्रहालयाचा व्यवस्थापक कुजबुजला, "साहेब, तिच्यात इंजिन नाहीये."

"तो तांत्रिक भाग झाला. प्रात्यक्षिकाचा रकाना मोकळा ठेवता येत नाही."

प्लॅस्टरचा हवालदार उचलून बाजूला ठेवला. नातीने आजीला कडेवर घेतल्यासारखं वर चढवलं. उशीबाईने स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवला. इतक्या वर्षांनीही हात जागा चुकला नाही. मित्रांनो, त्या क्षणी मी अंगातला गंज न् गंज एकवटला. नुसतं घुरघुरता आलं असतं तरी चाललं असतं. काही म्हणजे काही झालं नाही.

ती अध्यक्षांना म्हणाली, "ह्याच्यात इंजिन नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नुसता हात लावला आणि कळलं. गाडी न चालवणाऱ्याला कळलं असतं का?"

नात ताडकन म्हणाली, "हे लिहून घ्या! हाच पुरावा आहे!"

कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला. "असा रकाना नाहीये, मॅडम."

अध्यक्ष हळूच व्यवस्थापकाला म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि कारकुनाने लिहिलं, 'सदर बाईंना गाडी सुरू करता आली नाही.'

"चल गं," उशीबाई नातीला म्हणाली. "उतरव मला. हवालदारांना बसू दे, त्यांचा पाय दुखत असेल."

त्याच वर्षीच्या थंडीत ती वारली. हे मला झाडूवालीच्या बोलण्यातून कळलं.

माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझी घेतात, दर सोमवारी पुसतात. मी एवढंच सांगेन, की जी बाई तुमच्या डोळ्यांदेखत काम करतेय तिची सही आजच घ्या, तिच्या हाताने, शाईने, तिच्या रकान्यात. नंतर मला विचारू नका. मी तिच्यासाठी साधा घुरघुरलोही नाही.

गेल्या महिन्यात नात एकटीच आली. गणवेशात होती. माझ्यासमोर उभी राहिली. तेवढ्यात एका शाळेची सहल आली. गुरुजी म्हणाले, "बाई, जरा बाजूला होता का? मुलांना हवालदार दिसत नाहीत."

ती बाजूला झाली. मित्रांनो, ती मुलं तुम्हीच होतात. तुम्ही मिशी बघितलीत, हसलात आणि रणगाडा बघायला पळालात.