फेरी कधी संपते

"ती फीत आधी सोडा," बाई म्हणाल्या.

तबेल्याचे मालक स्टुलावर चढून फाटकाच्या दोन खांबांना लाल फीत बांधत होते. शेजारच्या टेबलावर चषक चकाकत होता.

"बाई, पालकांना काहीतरी दिसायला नको का? मुलं सकाळी निघतात, टेकडीला वळसा घालून दुपारी परततात, आणि तुम्ही म्हणता सगळेच पहिले! लोक हसतात हो."

"सगळेच पहिले असं मी कधी म्हटलं? मी म्हणते, पहिला कुणीच नाही."

"तेच ते! आज चषक द्यायचा म्हणजे द्यायचा. पटत नसेल, तर नवे मास्तर तयार आहेत."

या तबेल्यात बाईंचे केस पिकले होते. त्यांच्याकडे आलेलं मूल पहिल्या दिवशी घोड्यावर बसतच नसे. बादली पालथी घालायची, तिच्यावर बसायचं आणि घोड्याच्या पोटाला कान लावून आतली गुडगुड ऐकायची. लांबची फेरी सुरू व्हायची ती त्यानंतर कितीतरी महिन्यांनी. चढावर सावकाश, सपाटीला दुडकी चाल, आणि फाटकाआधीच्या वळणावर उतरून घोड्याबरोबर पायी. मालकांचं घोडं पेंड खात होतं ते इथेच, कारण फाटकात पोचल्यावरही बाईंच्या हिशेबी फेरी संपत नसे. पोट बोलायला लागलं आणि घोड्यानं आपणहून गवताला तोंड लावलं की संपली. तोवर मुलांनी डबा उघडायचा नाही.

दुपार झाली. बाई पाण्याच्या बादल्या भरून फाटकापाशी उभ्या राहिल्या. पालकांत सर्वांत पुढे भिंगरीचे वडील होते. ते दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावण्याची सवय, पण आज स्वतःचंच मिटत नव्हतं.

"आली! आमचीच पुढे!"

वळणावर पेन्शनर दिसला. तबेल्यातला सर्वांत म्हातारा घोडा. पाठीवर भिंगरी, जिला घरीदारी कुणी एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. तिनं उतरायला एक पाय रिकिबीतून काढला, आणि तेवढ्यात तिला फीत दिसली.

"पळव! पळव, बाळा!" वडील ओरडले.

"भिंगरे, उतर!" बाई ओरडल्या. पण एव्हाना टापा वाजू लागल्या होत्या. पेन्शनर बिचारा जीव खाऊन धावला. फीत तुटली, टाळ्या पडल्या. आपण ती सकाळीच कापायला हवी होती, या विचारानं बाईंना स्वतःचाच संताप आला.

भिंगरी हसतच खाली उतरली. सवयीनं तिनं खोगिराचा तंग सैल केला, पोटाला कान लावला आणि तिचं हसू मावळलं.

"बाई, आत काहीच वाजत नाहीये."

धावून आलेल्या घोड्याचं पोट गप्प राहिलं तर तो हातचा जाऊही शकतो, हे तिथल्या प्रत्येक मुलाला माहीत होतं. बाईंनी ओरडायचं ते पुढे ढकललं. "खोगीर उतरव. छातीवर पाणी मार आणि हळूहळू चालव. थांबू नकोस."

"बाळा, फोटो!" वडील चषकापाशी उभे राहून हाका मारत होते.

"फेरी संपली नाही अजून, बाबा."

"संपली की! फीत तुटली ना?"

"पेन्शनरची नाही संपली."

"अगं, एका मिनिटाचं काम!"

"तुम्ही दाढ अर्धी उपटून फोटो काढायला जाता का?"

पालक खो खो हसले. डॉक्टरांचं तोंड एकदाचं मिटलं.

बाकीची मुलं एकेक करून वळणावर उतरली, घोडी धरून चालत आली आणि टेबलाजवळून सरळ पुढे गेली. त्यांची घोडी चरू लागली, तरी एकाही मुलानं डबा उघडला नाही. सगळी पेन्शनरकडे पाहत बसून राहिली.

मालक बाईंजवळ आले. "पढवून ठेवलंयत पोरांना."

"हो. पगार त्याचाच घेते."

"मग हा महिना शेवटचा समजा."

हा तबेला सोडून बाईंना दुसरं जग नव्हतं. पण त्यावर बोलायला आत्ता सवड कुणाला होती? त्यांनी बादली उचलली आणि त्या पेन्शनरकडे गेल्या.

किती चकरा झाल्या कोण जाणे. भिंगरी लगाम कुणाच्याही हाती देईना. बाईंनी पोटाला कान लावला आणि डोळे मिटले. मग भिंगरीला जवळ ओढून तिथेच कान लावायला लावला.

"गुडगुडतंय!" ती कुजबुजली.

पेन्शनरनं गवत हुंगलं, मान फिरवली, पुन्हा हुंगलं आणि कराकरा चावायला सुरुवात केली. टाळी कुणी वाजवली नाही. भराभर डब्यांची झाकणं तेवढी उघडली.

"मी पळवला त्याला," भिंगरी म्हणाली आणि रडू लागली.

"हो, तूच पळवलास. आणि त्याच्याबरोबर राहिलीसही तूच. जा, जेव आता."

डॉक्टर लेकीचा डबा घेऊन आले. जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "बाई, मीही ऐकू का?" बाईंनी बादली पालथी घालून दिली. ते तिच्यावर बसले आणि त्यांनी चष्मा काढून पोटाला कान लावला.

मालक चषक काखेत मारून आत निघून गेले. तुटलेली फीत गवतात पडली होती. घोड्यांच्या पोटात जायला नको म्हणून बाई वाकल्या आणि तिचे तुकडे वेचू लागल्या.