घडाखालची जोडी

फौजेत बर्फावर स्की शिकवणारा पितांबर रजेवर गावी, सावद्याला आला, तो स्कीच्या लांबलचक फळ्यांच्या दोन जोड्या घेऊन. एक अरुंद, एक रुंद. साहेबांनी बजावलं होतं, "एक तुझी, दुसरी परत आण."

पण ठेवायची कोणती? पहाटेच्या टणक बर्फात अरुंद पक्की धरायची, ताज्या भुसभुशीत बर्फावर रुंद तरंगायची, आणि दुपारी बर्फ वितळून होणाऱ्या रबडीत दोन्हींचा भरवसा नाही. आठ दिवस त्यानं नुसतं डोकं खाजवलं.

नवव्या दिवशी घरातला फळ्यांचा कोपरा रिकामा दिसला. पितांबर मळ्यात धावला. वडिलांनी, यादवनानांनी, चारही फळ्या केळीच्या झुकलेल्या घडांना टेकू म्हणून लावल्या होत्या.

"नाना, ह्या बर्फावरच्या आहेत!"

"असतील. कालच पाणी दिलंय. अरुंदवाल्या पार रुतल्या. रुंदवाल्या पहा, जागच्या हलत नाहीत. डोकं असेल तर रुंदच ठेव."

पितांबरला एकदम पटलं. त्यानं रुंद फळीला हात घातला, तोच नानांनी मनगट धरलं.

"खबरदार! घड कापल्याशिवाय हात लावायचा नाही."

रजा संपली तेव्हा घड अजून भरायचेच होते. स्वतःची रुंद जोडी मळ्यात उभी ठेवून, साहेबांची तेवढी खांद्यावर टाकून पितांबर निघाला.