परतीचा ढोल

मार्गशीर्षातली सोनसळी सकाळ. उंच कातळसड्यावरचं गवत पिकून पिवळं झालेलं, लवतंय, उठतंय, पुन्हा लवतंय. खाली समुद्र. मोरपिशी, मीठभरला, मंद. आणि त्या मोरपिशी पाण्यातून वर आलेले माड, झावळ्या गळालेले, शेंडे मोडलेले, जणू पंगत उठून गेल्यावर उगाच थांबलेले पाहुणे.

ते माड म्हणजे खारवली. खारवली म्हणजे बुधाजी ढोलकाराचं गाव.

खारवलीची रीत जगावेगळी. काही वर्षांतून एकदा पावणाई देवी कौल द्यायची, आणि अख्खं गाव घरंदारं टाकून वेशीबाहेर पळायचं. माणसं, म्हशी, कोंबड्या, टोपलीतली मांजरंसुद्धा. ही गावपळण. सड्यावर माडाच्या झापांच्या खोपी, चांदण्यातली जेवणं, फुगड्या, हसणं. गावात एकटी देवी. मग देवी परतीचा कौल द्यायची, बुधाजी ढोल बडवायचा, आणि दोरी लावून ओढल्यासारखं गाव उतरणीवरून घरी यायचं.

शेवटच्या पळणीत गाव वर आलं, आणि समुद्र खाली घरात शिरला.

दूरदूरच्या धुराड्यांनी, मोटारींनी, विमानांनी धूर ओकला होता. डोळ्यांना न दिसणारी घोंगडी आभाळाने पांघरली होती. त्या घोंगडीखाली बर्फाचे डोंगर पाझरले, समुद्र उकडला, फुगला, उतू गेला. ज्यांनी चूल पेटवली ते लांब राहिले. उतू गेलं ते खारवलीच्या अंगणात.

बुधाजी मात्र पोरांना वेगळंच सांगायचा. "समुद्रान आदी पाय धुतले. मगे ओटीवर बसान पान मागल्यान. आता माज्या बाजेवर गोबरो मासो निजता. घोरता मेलो!" पुढे पणज्याची गोष्ट. पणज्याने एका घावात तिवराची शंभर झाडं आडवी केली, खाडीचं रान साफ केलं आणि वाडी वसवली. पोरं खदखदून हसायची. मग हाका यायच्या, पोरं जेवायला पळायची, आणि गोष्ट अर्धी तोंडात धरून बुधाजी एकटा उरायचा.

कारण बाकीच्यांनी सड्यावर चिऱ्याची पक्की घरं बांधली होती. पिवळे दिवे, निळे पडदे, तांबडी कौलं. बुधाजीची तेवढी झापांची खोप. पळणीत चिरा लावत नाहीत. चिरा लावला की पळण संपली. पळण संपली की गाव संपलं. रोज तिन्हीसांजेला तो ढोलाचं कातडं शेकायचा, हळू, लेकराचं अंग शेकावं तसं. न वाजलेला ढोल, न संपलेली पळण.

परतीचा कौल कोणी मागितलाच नव्हता. देवीने हो म्हटलं तर बुडायचं. नाही म्हटलं तर कायमचं मुकायचं. विचारणार कोण?

त्या सकाळी अनसूया गुरवीण आली. पदर खोचलेला, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल.

"बुधग्या, तुजी खोप वारो घेवन जातलो एक दिस. मगे ढगांत बसान ढोल बडय."

"ढगांत जागा खंय गो? थंय सगळो धूर बसलोहा."

ती हसली नाही. खाली बायका तिवरांची रोपं लावत होत्या. तिवरं लाटेला अडवतात, गाळ धरतात, मुकाट्याने धूर गिळून चिखलात पुरतात. "सगळ्यांनी आपापली आंगणां दिली. तुजा तेवढा रवला. थंयसून पाणी घुसता. झरो खारट झालो तर पोरां काय पितली? तुजो ढोल?"

वारा खोपीतून आरपार.

"आंगणात तिवरां इली तर आमी रवतलाव खंय?" तो म्हणाला. "देवीक इचार. ती म्हणात तसा."

ओहोटीला दोघं उतरली. पुढे ती, मागे ढोल गळ्यात घेतलेला तो. देवळाला छप्पर नव्हतं. देवी कमरेइतक्या पाण्यात, शेवाळहिरवी, शांत. अनसूयाने दोन ओल्या कळ्या देवीच्या खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर परता. डावी पडली तर थांबा.

लाट आली. लाट गेली. उजवी कळी पडली.

परता.

बुधाजीने ढोल छातीशी घट्ट धरला. तो धावलाच, पाणी उडवत, ओळखीच्या वाटेने, वाट नसलेल्या वाटेने, आपल्या अंगणात. भिंत नाही. बाज नाही. तुळशीच्या मोडक्या कट्ट्यावर बगळा. भात कांडायच्या व्हायनात खेकडा. आणि उंबऱ्याच्या फटीत, कोणी न लावलेलं, दोन पानांचं कोवळं तिवर.

तो वाकला. बोटाने पान हळूच चाचपलं.

"इले गो," तो पुटपुटला. "पणज्यान तोडलले, आमच्या आदीचे, ते घराक इले." मग मागून आलेल्या अनसूयाकडे वळला. "लाव तुजी रोपां. उंबऱ्याक धक्को लावू नको."

आणि त्याने ढोल बडवला. कोरडा, शेकलेला, कितीक वर्षांचा मुका ढोल. पाणी थरारलं, बगळा उडाला, वर सड्याच्या कडेला माणसं येऊन उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून. कोणी उतरलं नाही. उतरायचं नव्हतंच कोणी. बुधाजी वाजवत राहिला, एकटा, घोटाभर पाण्यात.

भरती हळूहळू चढत होती. आणि सभोवार, शेजारच्या अंगणांतल्या चिखलात, नुकत्या लावलेल्या रोपांची दोन दोन पानं ढोलाच्या ठेक्यावर लवत होती, उठत होती, पुन्हा लवत होती.