झकास वाजलेली दवंडी

मित्रांनो, नगरपालिकेच्या कचेरीत जिन्याखाली, मोडक्या खुर्चीच्या मांडीवर एक जुना ढोल बसलेला दिसतो ना, तो मी. नमस्कार वगैरे करू नका. माझी तेवढी लायकी नाही. का, ते सांगतो.

आंब्याच्या खोडातून मला कोरलं आणि वर बकऱ्याचं कातडं ताणलं. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधल्या एका वस्तीत मी कामाला लागलो. वस्तीचं नाव विचारू नका, तिची काही चूक नव्हती. त्या काळी नवा नियम झाला की एक कागद कचेरीच्या फळ्यावर लागे आणि दुसरा घेऊन मी दवंडीला निघे. फळा कुणी वाचत नसे. त्यामुळे कायद्याची सगळी भिस्त माझ्यावर.

मला वाजवायचा गुणाजी शिपाई. मूळचा मालवणकडचा. बाकीचे शिपाई ढोल बडवत, गुणाजी वाजवायचा. त्याच्या हातात गावच्या शिमग्याचा ठेका होता. आम्ही नाक्यावर उभे राहिलो की दत्ताराम पानवाला चुना लावता लावता थांबायचा.

"गुणाजी, झकास! अजून एकदा होऊ दे यार!"

गुणाजी होऊ द्यायचा. मग दम खायला थांबला की तेवढ्यात नियम भराभर म्हणून टाकायचा, कारण पुढचा ठेका हातात शिवशिवत असे. मीही फुगून जायचो. आतून पोकळ असलेल्याला स्तुती लवकर भरते.

चोपन्न साली नियम झाला : रस्त्यावर सुकी मासळी विकायला बंदी. नव्या मंडईत ओटा हवा असेल, त्याने महिनाअखेरपर्यंत कचेरीत नाव द्यावं. आमच्या नाक्यावर सुकी मासळी विकणारी एकच बाई, शेवंती. नवरा गिरणीतून आजारी होऊन घरी बसलेला, घर तिच्या टोपलीवर चाललेलं. म्हणजे नियम जवळजवळ तिच्या एकटीसाठीच होता. आणि ती अगदी पुढे बसून मान डोलावत होती. गुणाजी वाचत होता तेव्हा मी अजून घुमत होतो, शब्द त्यातच बुडाले. एवढंच झालं. वाचून संपलं आणि शेवंतीने टाळी वाजवली.

महिना सरला. गाडी आली, टोपली उचलून गेली. शेवंती धावत कचेरीच्या दारात आली.

"मेल्या, माझी टोपली नेली रे!"

"काके, दवंडी दिलंय मां!"

"वाजयलंस बरा. सांगलंस काय?"

गुणाजीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. मग तो तिला साहेबांसमोर घेऊन गेला आणि म्हणाला, "साहेब, हिला ऐकू गेलं नसणार. चूक माझी."

साहेब न्यायी होते. त्यांनी साक्षीला दत्तारामला बोलावलं.

"दवंडी झाली होती का?"

"झाली होती म्हणजे काय साहेब! अशी दवंडी जन्मात ऐकली नाही!"

"कशाबद्दल होती?" असं साहेबांनी विचारलं नाही. तसं विचारायचा नियम नव्हता. गुणाजीने चूक कबूल केली म्हणून टोपली परत मिळाली, ओटे मात्र वाटून झाले होते. दत्ताराम बाहेर येऊन म्हणाला, "काकी, तुझं काम झालं ना?" शेवंतीने टोपली डोक्यावर घेतली आणि त्या दिवसापासून ती दारोदार फिरू लागली. माझं इतकं कौतुक त्याआधी कचेरीत कधी झालं नव्हतं. ते आजही मला पचलेलं नाही.

पुढची दवंडी नळाच्या पाण्याची होती. माणसं जमली. गुणाजीने टिपरी उचलली, इतक्यात शेवंती गर्दीतून पुढे आली. टोपली खाली ठेवली आणि तळहात माझ्या कातड्यावर सपाट दाबून धरला.

"आधी बोल. मगे वाजय."

गुणाजीने सावकाश वाचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मलाही नियम कळला. "आज मजा नाही आली रे," दत्ताराम कुरकुरला. पण दुसऱ्या दिवशी नळाचे अर्ज घेऊन लोकांची कचेरीत रांग लागली, आणि रांगेत दत्तारामही होता.

पुढे लाउडस्पीकर आला आणि मी जिन्याखाली आलो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसावीशी वाटली तर पुसा. मधोमध बोंबलाच्या वासाचा एक तेलकट डाग आहे, तेवढा राहू द्या. आणि कुणी फारच सुरेख वाजवताना दिसला, तर टाळी वाजवण्याआधी त्याला विचारा, "बाबा रे, सांगतोस काय?"