दगडाला आलेलं कोमट पाणी

दुपारचे तीन वाजले नव्हते तरी उजेड निळा पडत चालला होता, आणि एवाल्डच्या घरामागच्या उतारावर आमचं अख्खं लिल्लसेल गाव जमलं होतं. डोक्याला लोकरीच्या टोप्या, तोंडातून वाफा, प्रत्येकाच्या काखेत कॉफीचा थर्मास. गुडघाभर बर्फ. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. गावात कुणाचं मूल गेलेलं असलं की माणसं अशी बोलतात, ओठांच्या आतल्या आत.

उताराच्या तळाशी जुन्या झऱ्याचा दगड होता. झरा आमच्या आज्यांच्या लहानपणीच आटलेला. त्या दगडाला या हिवाळ्यात पाणी फुटलं. तेही गरम. तळं तळापर्यंत गोठावं अशा थंडीत दगडाच्या भेगेतून वाफाळतं पाणी यायचं, आणि एवाल्ड म्हणायचा, "अल्वा आली."

अल्वा म्हणजे तूरुनची थोरली लेक. नोव्हेंबरात तळ्यावर कोवळा बर्फ धरला होता. शाळेतून येताना ती त्यावर उतरली आणि तो फुटला. आमच्या शाळेत एकच वर्ग, तो मी शिकवते; ती त्यातच होती. खिडकीजवळचा तिचा बाक अजून रिकामा आहे, आणि मुलं त्याला वळसा घालून जातात, जणू तिथं कुणी बसलेलं आहे.

"नळाचं पाणी असेल," असं मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते. म्हातारी योर्दिस माझ्यावर उसळली.

"बाई, तुम्हाला काय मी खुळी वाटते? मी स्वतः जाऊन बघितलं. त्याचा बाहेरचा नळ बंद आहे, वरची चावीसुद्धा काढून ठेवलीय. हिवाळ्यात बागेची नळी कोण जोडतं?"

खरंच होतं ते. थंडी पडायच्या आत आमच्याकडे प्रत्येक घराचा बाहेरचा नळ बंद होतो. पाइपातलं पाणी काढून टाकतात, नाहीतर ते गोठून भिंत फोडतं. नळ्या गुंडाळून कोठारात टांगतात. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलंय की बर्फ आणि बागेची नळी या दोन गोष्टी एका विचारात येतच नाहीत.

त्यात ती वाट. दगडापासून घराच्या भिंतीपर्यंत बर्फ एका अरुंद रेघेत खचायचा. एवाल्ड रोज वरून फावड्यानं बर्फ टाकायचा, तरी खचायचाच. "पोर माझ्या उंबऱ्यापर्यंत येते आणि परत जाते," तो म्हणायचा. लोकांनी त्या रेघेला अल्वाची वाट म्हणायला सुरुवात केली. दोन्ही कडांना मेणबत्त्या लावल्या. निळ्या बर्फात त्या इवल्या ज्योती एका ओळीनं थरथरताना बघून माझ्याही अंगावर काटा यायचा. खोटं कशाला बोलू?

एवाल्ड दगडामागे उभा राहिला. एक हात आभाळाकडे, दुसरा दगडाच्या पाठीवर. आवाज मात्र गोड, पाळणा म्हणणाऱ्या बाईसारखा.

"आधी बोटांना गारवा, तिकडल्या त्या वाटेचा
मग येई ऊब हाता, स्पर्श तुझ्या लेकीचा."

तूरुन पुढं झाली. हातमोजे काढून तिनं ओंजळ धरली. शेजारी धाकटी सिग्ने, आठ वर्षांची, आईच्या कोटाला धरून.

भेगेतून पाणी आलं. आधी बर्फासारखं गार. मग कोमट. मग ऊन. तूरुनच्या ओंजळीतून वाफ निघाली आणि ती हसली. तो चेहरा मला अजून दिसतो. दोन महिन्यांत ती तिथंच तेवढी हसायची.

"आली गं, आली," ती पुटपुटली. "हात बघ किती ऊन झालाय तिचा."

थोड्या वेळानं पाणी पुन्हा निवत गेलं. "दमली पोर," एवाल्ड म्हणाला. रोज अशीच दमायची ती.

मी तूरुनच्या कानाशी गेले. "सिग्नेचं औषध चालू आहे ना?"

तिनं नजर वळवली. सिग्नेला फिट येते, सकाळ-संध्याकाळ औषध लागतं.

"बंद केलं मी. औषधाच्या वासानं अल्वा बिथरते म्हणाले एवाल्ड. दोघी बहिणी एका ओंजळीतून पाणी प्यायल्या की आजार जाईल."

"तूरुन! डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टरांनी अल्वाला परत आणलं का?" ती शांतपणे म्हणाली. "तुमचं मूल गेलं नाहीये, बाई. तुम्हाला नाही कळायचं."

तेवढ्यात सिग्नेचा हात कोटावरून सुटला. डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि पोर बर्फात कोसळली.

गर्दीतून एकच हाय उठली. एवाल्डनं दोन्ही हात वर केले. "भिऊ नका! बहीण बहिणीत उतरतेय! पाणी पाजा तिला, तोंड उघडा!"

"खबरदार, तोंडात काही घातलंत तर!" मी ओरडले. शाळेच्या पटांगणावर ओरडते तशीच. सिग्नेला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी टोपी दिली, मफलर सैल केला. झटके चालू होते. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावला. तूरुन गुडघ्यावर बसली होती, आणि दोन लेकींपैकी कुणाला हाक मारावी हे तिला कळत नव्हतं.

झटके थांबले. पोर मलूल पडली, पण श्वास नीट होता. "घरात घ्या तिला," मी म्हणाले. "या थंडीत बाहेर ठेवता येणार नाही."

"घरात नाही!" एवाल्ड धावत जाऊन दारात आडवा उभा राहिला. "घर पवित्र ठेवायचंय. आत कुणी यायचं नाही."

तेव्हा योर्दिस हळूच म्हणाली, "एवाल्ड, एक विचारू? इतके दिवस येतोय आम्ही. बन आणले, सरपण फोडून दिलं, हरणाचं मांस दिलं. तू एकदाही कॉफी विचारली नाहीस."

"उपासाचं स्थान आहे, मावशी."

"मेलेल्याच्या घरीसुद्धा कॉफी ठेवतात रे," म्हातारी म्हणाली. "आमचे थर्मास आम्हीच आणायचे? आणि आता आजारी पोरीला दार नाही?"

दगडाला पाणी फुटलेलं आम्ही मानलं होतं. पण लिल्लसेलमध्ये पाहुण्याला कॉफी नाही आणि पोराला दार नाही, हे कुणालाच मानवेना. योर्दिसनं काठीनं त्याला बाजूला सारलं आणि सिग्नेला उचलून आम्ही आत शिरलो.

स्वयंपाकघराचे पडदे बंद होते. ओल्या रबराचा वास. सिग्नेला बाकावर निजवून मी फडकं भिजवायला बेसिनकडे वळले आणि तिथंच थांबले.

नळाच्या तोंडाची बारीक जाळी काढून खिडकीत ठेवलेली होती. तिच्या जागी पितळेची जोडणी फिरवून घट्ट बसवलेली, तिच्यावर पट्टी आवळून बागेची हिरवी नळी. नळी ओट्याखाली उतरत होती आणि भिंतीतल्या हवेच्या भोकातून बाहेर जात होती. नळाचा दांडा गरमकडे फिरवलेला. या नळावर किटली कशी भरणार? कॉफी कशी होणार?

तूरुन बघत होती. नळीवरून तिची नजर भोकापर्यंत गेली, तिथून जणू भिंतीपल्याड, मेणबत्त्यांच्या मधून, दगडापर्यंत.

"दगडामागे नळीला छोटी चावी असेल," मी हलकेच म्हणाले. "तिथंच त्याचा हात असतो. आधी नळीत निवलेलं पाणी येतं, म्हणून गार. मग गरम पाण्याच्या टाकीतलं ऊन. टाकी संपली की..."

"दमते," तूरुन म्हणाली.

ते ऐकून दोघे बाहेर धावले आणि त्यांनी दगडामागे हात घातला, तर खरंच तिथं चावी होती. कुणीतरी ती उघडली. ओरडा झाला, "आलं पाणी!" तूरुननं नळाचा दांडा दाबला. "थांबलं!" तिनं पुन्हा उघडला. "आलं!" तिनं पुन्हा बंद केला, आणि मग हात तसाच दांड्यावर ठेवून उभी राहिली.

योर्दिस खिडकीचा पडदा सारून बघत होती. "ती वाट... ऊन नळीनं बर्फ वितळत होता. आणि आम्ही मेणबत्त्या लावल्या."

एवाल्ड दारात कुजबुजला, "मी सांत्वनच देत होतो तिला."

तूरुन त्याच्याकडे वळली. "माझी एक लेक पाण्यानं नेली, एवाल्ड. दुसरी तुझ्या पाण्यानं चालली होती."

रुग्णवाहिका आली. त्या रात्रीपासून सिग्नेचं औषध पुन्हा सुरू झालं. आता ती अल्वाच्या बाकावर बसते. तिनंच मागून घेतला तो.

परवा मी तूरुनकडे गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात नळ सोडून उभी होती. बोटं धारेखाली. आधी गार, मग कोमट, मग ऊन.

"माहीत आहे मला," मागं न बघता ती म्हणाली. "टाकीचं पाणी आहे. तरी हात जातो."

जाऊ दे. हात जाणारच. गेलेल्यांची ऊब शोधणं ही अंधश्रद्धा नव्हे, ती माया आहे. पण त्या मायेवर कुणी नळी जोडली, तर तिचं दुसरं टोक कुठं आहे ते उठून बघा. जे दार उघडू देत नाहीत, ते आधी उघडा. आणि जित्या लेकराचं औषध मेलेल्याच्या नावानं कुणालाही बंद करू देऊ नका.

तूरुननं नळ बंद केला, किटली भरली आणि कॉफी ठेवली.