खायचा सोडा

शकु माझ्या पोटची, पण जेवायला बसते ती काकूच्या मांडीला मांडी लावून. काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ, विनता. तिची नानकटाई म्हणे तोंडात टाकताच विरघळते. शकुनं तसं म्हटलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी मनाचा दगड करून मी विनताला विचारलंच, "काय घालतेस गं त्यात?"

ती गोरीमोरी झाली. "सोडा, वहिनी!" म्हणाली आणि कळशी उचलून विहिरीवर सटकली.

सोडा तर सोडा. मी सदर बाजार गाठला. लढाई सुरू झाल्यापासून विलायती माल येईनासा झाला होता. श्यामसुंदर किराणावाल्यानं धुण्याचा सोडा पुढे केला. "बाईजी, यही है. खाने का तो पल्टन के बेकरीवाले उठा ले जाते हैं." दुसऱ्या दुकानदारानं मान हलवली, तिसऱ्यानं रिकामा डबा वाजवून दाखवला. त्या बयेला मिळतो आणि मला मिळत नाही म्हणजे काय! मी दवावाल्याकडे शिरले. सांगितलं, पोटात फार जळजळतं. ते काही खोटं नव्हतं. त्यानं सोड्याची पुडी दिली. "चुटकीभर, पानी में," तो म्हणाला.

घरी येऊन मैदा, तूप, जपून ठेवलेली साखर सगळं काढलं. विनतापेक्षा काकणभर सरस व्हावी म्हणून अख्खी पुडी ओतली आणि ताट बेकरीच्या भट्टीतून भाजून आणलं. तुकडा तोंडात टाकला, तर कडूजहर! वर साबणाचा वास.

"मुद्दाम सांगितलंस ना मला सोडा?" मी विनतावर धावून गेले.

"अगं बाई! मी काहून सोडा घालू? मी म्हटलं, सोडा, म्हणजे जाऊ द्या, विचारू नका."

"काहून विचारू नको?"

तिनं पदराचं टोक पिळलं. "नानकटाई मी नाही करत, वहिनी. शकु करते. सुट्टीच्या दिवशी दुपारी तुमचा डोळा लागला, की मळायला बसते. म्हणते, आईला सांगू नको, तिला काही पसंत पडत नाही."

विनताच्या हाताला चव असती, तर मी जळत का होईना, सोसलं असतं. पण माझ्या पोरीचा हात इतका गोड, आणि ते ठाऊक कुणाला, तर हिला! इतकी मी तिच्यावर कधीच जळले नव्हते.

संध्याकाळी शकु शाळेतून आली. मी नको म्हणायच्या आत तिनं ताटातली एक उचलून तोंडात टाकली. तिचे डोळे बारीक झाले. पण तिनं ती नीट चावली, गिळली आणि म्हणाली, "छान झाली, आई."

काकूची अशी बिघडली असती, तर कार्टीनं तिथंच थुंकून टाकली असती.